देवस्थळींचे मावसभाऊ

अरविंद देवस्थळींना बॅगेच्या चाकांवरून माणूस ओळखता यायचा. आमच्या कॉन्डोच्या लॉबीत गुळगुळीत संगमरवरी फरशी होती आणि तिच्यावरून बॅग निघाली की आवाज थेट कोपऱ्यातल्या सोफ्यापर्यंत पोचायचा. त्या सोफ्यावर शनिवारी-रविवारी सकाळी, हाफ पँट आणि इस्त्रीचा टी-शर्ट घालून, मांडीवर इंग्रजी पेपर पसरून देवस्थळी बसलेले असत. डोळे पेपरात, कान फरशीवर.

"हा आपला, राहणारा," ते डोकं न उचलता सांगायचे. "लहान बॅग. सरळ लिफ्टकडे गेला. ऑफिसच्या दौऱ्यावरून आलाय."

मग पुढचा आवाज.

"ही चार चाकं. बॅग मोठी. मध्येच थांबतेय. म्हणजे फोनमध्ये फ्लॅटचा नंबर शोधतोय. गिऱ्हाईक!"

आणि ते उठायचे. उठून त्या दमलेल्या, घामेजल्या माणसाला इतक्या गोड आवाजात "काही मदत करू का?" असं विचारायचे की तो बिचारा विश्वासाने फोनच पुढे करायचा. फोनवर फ्लॅटचा नंबर, मालकाचं नाव, सगळं. देवस्थळी ते वाचायचे, त्याला लिफ्ट दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या फ्लॅटच्या मालकाला व्यवस्थापन समितीचं बोलावणं जायचं.

सिंगापुरात स्वतःच्या मालकीचं घरसुद्धा चार दिवसांसाठी भाड्याने देता येत नाही. २०१६ साली मी बुकित तिमाहच्या त्या कॉन्डोत राहायला गेले तेव्हा किमान सहा महिन्यांची अट होती. पुढच्या वर्षी ती तीन महिन्यांवर आली. त्याहून कमी मुदतीसाठी पैसे घेऊन कुणाला ठेवलं तर गुन्हा. मला हा कायदा तेव्हाही पटत होता आणि आजही पटतो. घरं राहायला असतात. त्यांची हॉटेलं झाली की भाडी चढतात आणि राहणाऱ्यांनाच गावाबाहेर जावं लागतं. इचलकरंजीत आमच्या घरी दोरीवर कपड्यांच्या शेजारी वडिलांनी काढलेली यंत्रमाग कामगारांची ओली पत्रकं वाळत असायची. घर या विषयावरची माझी मतं तिथली आहेत. मला राग कायद्याचा कधीच नव्हता. कायद्याच्या दाराशी सोफा टाकून बसणाऱ्यांचा होता.

मी देवस्थळींची भाडेकरू होते. स्वयंपाकघराच्या मागे, मुळात मोलकरणीसाठी बांधलेली एक खोली असते, ती माझी. तिला खिडकी नव्हती, पण करार होता, दोन वर्षांचा, दोघांच्या सह्यांचा. देवस्थळींच्या मते करार असला की खिडकीची उणीव भासत नाही.

ते एका बँकेत नोकरी करत. तिथे त्यांचं काम काय, तर इतर लोक नियम पाळतात की नाही ते बघणं. म्हणजे ऑफिसात पाच दिवस हेच आणि लॉबीत दोन दिवस हेच. समितीत नियमांची जी उपसमिती होती, तिचे ते अध्यक्ष. पोहण्याच्या तलावात टोपी घातली पाहिजे, बार्बेक्यूच्या जागी मासे भाजायचे तर आधी कळवलं पाहिजे, बाल्कनीत ओले टॉवेल दिसता कामा नयेत, हे सगळं त्यांनी लिहिलेलं. आमच्या कॉन्डोला एक फ्रेंच नाव होतं. ते कुणालाच उच्चारता यायचं नाही, टॅक्सीवाल्यांना तर नाहीच. देवस्थळींनी त्याचाही अधिकृत उच्चार ठरवून लिफ्टमध्ये लावला होता. तो चुकीचा होता, पण एकसारखा होता.

पुणं सोडून इथे का आलो, हे ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. मी ते इतक्यांदा ऐकलंय की मला त्यातले श्वाससुद्धा पाठ आहेत. "तिकडे सगळं सेटिंग. गॅसचं सेटिंग, ॲडमिशनचं सेटिंग, स्मशानात लाकडांचं सेटिंग. इरा झाली आणि त्याच आठवड्यात मी वैशालीला म्हटलं, हिला अशा ठिकाणी वाढवायची जिथे खोटं बोलायची गरजच पडणार नाही. पगार काय, कुठेही मिळतो. मला मुलगी सरळ हवीय."

यात खोट नव्हती. भारताचा पासपोर्ट परत करताना या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, पण शाळेत इराला वागणुकीचं बक्षीस मिळालं तेव्हा आलं होतं, असं वैशालीकाकू सांगायच्या. इरा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. मी गेले तेव्हा तेरा वर्षांची, उंच, कमी बोलणारी, चष्म्यातून सरळ बघणारी. तिला सरळ करण्याचं काम देवस्थळींनी फार मन लावून केलं होतं. ती सात वर्षांची असताना खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरवर साते, म्हणजे काडीला टोचून भाजलेलं मांस, विकणाऱ्या काकांनी चुकून एक काडी जास्त दिली. घरी आल्यावर हे लक्षात आलं. देवस्थळींनी तिला तीच काडी, कागदात गुंडाळून, परत करायला नेलं.

"अँकल सो अँग्री!" इरा मला हसत हसत सांगत होती. "ही शाउटेड ॲट मी. 'यू थिंक माय साते नॉट नाइस ॲह?' मी रडले. पापा म्हणाले, व्हेरी गुड, नाऊ यू आर ऑनेस्ट."

"आणि ती काडी?"

"अँकल थ्रू इट टु द कॅट."

तर अशा या घरात, मी राहायला गेले त्याच आठवड्यात, देवस्थळींचे एक मावसभाऊ आले.

शुक्रवारची संध्याकाळ. मी ऑफिसातून येत होते. लॉबीत देवस्थळी हात पसरून उभे. समोरून चार चाकांची मोठी बॅग ओढत एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी. "अरे ये, ये! किती वर्षांनी!" देवस्थळी ओरडले आणि लगेच काउंटरवरच्या मुत्तू अँकलकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "कझिन! माय कझिन!" मुत्तू अँकल आमचे पहारेकरी. रोज पहाटे पलीकडच्या, मलेशियातल्या जोहोरहून मोटरसायकलवरून कामावर येणारा शांत तमिळ माणूस. त्यांनी मान डोलावली. ते गृहस्थ देवस्थळींच्या मिठीत जरा अवघडून उभे होते. मला वाटलं, प्रवासाचा शीण.

पंधरा दिवसांनी दुसरे मावसभाऊ आले. मग एक मावसबहीण, नवऱ्यासकट. मला कौतुक वाटलं. माझ्या आईला एकच बहीण. यांच्या आईला किती असतील! पण दिवाळीच्या आधी जे मावसभाऊ आले ते सुरतेचे निघाले आणि त्यांना मराठी येत नव्हतं.

पद्धत अशी होती. पुण्या-मुंबईत, ठाण्या-नाशकात कुणी सिंगापूर बघायला निघालं की त्याला ओळखीतला कुणीतरी सांगायचा, हॉटेलात कशाला जाता, देवस्थळींकडे उतरा, घरचं जेवण मिळेल. मग देवस्थळींचा फोन जायचा. विमानतळावरून निघालात की कळवा. बॅगेवरची चिठ्ठी फाडून टाका. लॉबीत मला दादा म्हणा, आणि कुणी विचारलंच तर कझिन. "मावस, चुलत, आते, मामे, इंग्रजीत सगळ्याला एकच शब्द," ते मला म्हणाले होते. "इंग्रजांनी आपल्यावर केलेला हा एक उपकार."

भाड्याचा शब्द कुणी काढायचा नाही. दर नाही, पावती नाही, बँकेत काही नाही. जायच्या दिवशी बॅगा दारात आल्या की देवस्थळी आत हाक मारायचे, "इरा, अगं निघाले हे. नमस्कार कर." इरा अभ्यास सोडून यायची, वाकायची. पाहुणे खिशातून नोटांचं बंद पाकीट काढायचे. "घे गं, खाऊ घे." वैशालीकाकू म्हणायच्या, "अहो नको, नको, कशाला!" त्यांचं ते 'नको' इतकं वेळेवर यायचं की पाकीट आणि 'नको' दोन्ही एकदमच इराच्या हातावर पडायची. देवस्थळी त्या वेळी बाल्कनीकडे तोंड करून कढीपत्त्याच्या कुंडीची पानं तपासत असत. त्यांनी ते पाकीट कधी हातात घेतलं नाही. "मी आजवर कुणाकडून एक सेंट घेतलेला नाही," हे ते शपथेवर सांगू शकत होते, आणि त्या शपथेत काही चूक काढता आली नसती. इरा पाकीट आईच्या हातात द्यायची आणि पुन्हा गणितं करायला जायची.

आपल्याकडे निघताना पाहुणा पोराच्या हातावर काहीतरी ठेवतो. ही आपल्या घरांतली एक साधी, गोड रीत आहे. तिच्यातून असा धंदा काढता येतो, हे फक्त नियमांचा अभ्यास असलेल्या माणसालाच सुचू शकतं.

मी एकदा विचारलं. "काका, हे भाडंच नाही का?"

"भाडं?" ते खरंच दुखावले. "भाडं म्हणजे करार. कुठाय करार? दाखव."

"पण ते पैसे देतात."

"खाऊ देतात. मला नाही, इराला. तुझ्या वडिलांनी तुला पत्रकं शिकवली, माया नाही शिकवली." त्यांनी माझं नाव कॉम्रेड ठेवलं होतं आणि ते हाक मारताना शेवटचं अक्षर लांबवायचे. "आणि कॉम्रेऽड, तू या घरात तिसरा कप चहा पितेयस. तो करारात आहे का?"

मी तो कप रिकामा केला. वैशालीकाकूंचा चहा फार चांगला असायचा.

इरा मात्र मोठी होत होती. पंधरा वर्षांची झाल्यावर एका रविवारी, जळगावचे पाहुणे गेल्यावर, तिने पाकीट आईकडे न देता टेबलावर ठेवलं.

"पापा, धिस इज बिझनेस, लाह." 'लाह' हे इथल्या इंग्रजीचं शेपूट.

"बिझनेस नाही बाळा. आपली पद्धत आहे. खाऊ."

"देन यू टेक, लाह. व्हाय मस्ट आय टेक?"

"खाऊ लहानांना देतात."

"आय ॲम फिफ्टीन. ॲम आय द पेमेंट काउंटर?"

देवस्थळी हसले. मुलगी चुणचुणीत आहे, असं त्यांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनी सांगितलं. पाकीट टेबलावरून वैशालीकाकूंनी उचललं.

आमच्या समोरच्या दारात रोझ आंटी राहायची. सत्तरीची चिनी बाई. नवरा गेलेला, मुलगा ऑस्ट्रेलियात, पर्थला. मुलाच्या खोलीत ती चार-चार दिवस परदेशी पोरं ठेवायची. पाठीवर पिशव्या घेतलेली, उन्हाने लाल झालेली पोरं. ती त्यांना सकाळी अंडी करून घालायची, त्यांच्या आयांची चौकशी करायची. पोरं गेली की उरलेला हिरवा पांदान केक आम्हाला आणून द्यायची. तिचे पैसे मात्र उघड होते. ती दारातच मागायची, आधी. तिला मावसभावांचा शोध लागलेला नव्हता.

देवस्थळींनी तिचा केक खाल्ला आणि तिच्यावर पाळत ठेवली. "वाईट बाई नाही," ते म्हणायचे, "पण नियमाला वय नसतं." समितीने तिला दोनदा समज दिली. ती दोन्ही वेळा "यस, यस" म्हणाली आणि महिन्याभराने पुन्हा कुणीतरी लाल पोरगा लिफ्टमध्ये दिसला.

त्याच सुमाराला सरकारने लोकांचं मत मागवलं. काही अटी घालून, इमारतीतल्या बहुसंख्य मालकांची संमती असेल तर, थोड्या दिवसांसाठी घर द्यायला रीतसर परवानगी द्यावी का? समितीची सभा ठरली. रोझ आंटीने आधीच सांगून टाकलं होतं, "मला द्या लायसन्स. चौकट करून भिंतीवर लावते, कर भरते, आणि देवस्थळींना सोफ्यावर झोप तरी लागू दे."

देवस्थळींनी सभेसाठी भाषण तयार केलं आणि आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी उभं राहून आम्हाला म्हणून दाखवलं. भाषण जोरदार होतं. आज लायसन्स दिलं तर उद्या लॉबीचं स्टेशन होईल. अनोळखी माणसं आपल्या मुलींबरोबर लिफ्टमध्ये चढतील. "ज्याला प्रामाणिकपणे घर चालवायचंय, त्याला लायसन्स लागतंच कशाला?" इथे त्यांनी टेबलावर मूठ आपटली. टेबलाशी ठाण्याचे दोन पाहुणे बसले होते. साबुदाणा वडे खात होते. त्यांनी वडे ताटलीत ठेवले आणि मनापासून टाळ्या वाजवल्या.

मी इराकडे बघितलं. ती बघत होती वडिलांकडे, एकटक, चष्मा न सावरता. साते परत करायला गेलेली ती सात वर्षांची मुलगी अशीच बघत असेल.

सभा त्यांनी जिंकली. आमच्या कॉन्डोचं मत 'नको' असं ठरलं. त्या जोरावर त्यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि ते मला अभिमानाने सांगितलं.

"फोन केला आज. सरळ सरकारी खात्यात. रोझ आंटीचं सांगितलं."

"काका, म्हातारी आहे ती. दंड झाला तर?"

"कॉम्रेऽड, गरिबांचा कळवळा पुरे. इथे फोन केला की माणूस येतो, हे बघ तू. तिकडे आला असता? मी स्पष्ट सांगितलं, माझ्या सोयीसाठी येऊ नका. न सांगता या. कुणाची गय करू नका. हवं तर मजल्यावरचं एकेक दार वाजवा."

माणसं खरंच आली. न सांगता, शनिवारी सकाळी. एक तरुण चिनी अधिकारी, हातात टॅब्लेट. त्याच्या बरोबर एक तमिळ बाई, साधारण वैशालीकाकूंच्या वयाची, खांद्याला साधी पर्स लावलेली. आधी समोरचं दार वाजलं. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. दार उघडलं रोझ आंटीच्या मुलाने. तो आदल्याच दिवशी पर्थहून आला होता, आईला भेटायला, बायको-मुलांसह. मुलाच्या खोलीत मुलगाच होता. आत चहापाणी झालं, हसण्याचे आवाज आले, आणि पाहुणचार घेऊन दोघं बाहेर पडली.

मग आमचं दार वाजलं.

देवस्थळींनी ते लग्नघरासारखं उघडलं. "या, या! मीच फोन केला होता. बसा. वैशाली, कॉफी!"

डायनिंग टेबलाशी नाशिकचे गद्रे पती-पत्नी पोहे खात बसले होते.

लोक मला विचारतात, हा माणूस इतका मूर्ख कसा? मूर्ख नव्हता. मी त्या घरात दोन वर्षं राहिलेय म्हणून सांगते: त्यांच्या मनातच आलं नाही. गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या दारातलं. आपल्या टेबलाशी बसतात ते पाहुणे. हे त्यांनी इतरांना इतक्या वेळा सांगितलं होतं की शेवटी एकट्या त्यांचाच त्यावर पूर्ण विश्वास बसला होता.

गद्र्यांचा बसला नव्हता. गळ्यात ओळखपत्र घातलेली दोन माणसं घरात आलेली बघताच ते चमच्यासकट उभे राहिले. कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "कझिन! आय ॲम कझिन!"

अधिकारी बाई हसल्या. "हो का? छान. कुणाकडून? आईकडून की वडिलांकडून?"

"मदर," गद्रे म्हणाले.

"फादर," त्याच क्षणी सौ. गद्रे म्हणाल्या.

"आमच्याकडेही दोन्हीला वेगळे शब्द आहेत, अँकल," बाई मऊ आवाजात म्हणाल्या. इंग्रजांचा उपकार तमिळांवर झालेला नव्हता.

तरुण अधिकाऱ्याने टॅब्लेट उघडला आणि देवस्थळींना विचारलं, हे लोक इथे राहण्याचे पैसे देतात का.

"मुळीच नाही." देवस्थळी ताठ झाले. चेहऱ्यावर भीती नव्हती, अपमान होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. इरा पोहायला निघालेली, खांद्यावर टॉवेल टाकून स्वतःच्या खोलीच्या दारात उभी होती. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला. "माझ्या मुलीला विचारा. शी हॅज नेव्हर टोल्ड अ लाय इन हर लाइफ."

वैशालीकाकूंनी कॉफीचा गॅस बंद केला. त्यांना कळलं होतं.

तमिळ बाईंनी हात वर करून म्हटलं की मुलांना विचारायची गरज नाही, आम्ही मोठ्यांशीच बोलू. त्यांनी सुटायची वाट ठेवली होती. देवस्थळींनी ती घेतली नाही. "नाही, नाही, विचारा! इरा, सांग त्यांना."

इराने आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त वडिलांकडे बघत म्हणाली, "दे आर नॉट कझिन्स. व्हेन दे गो, दे गिव्ह मी द मनी. आय पास टु मम्मी. एव्हरी टाइम, लाह."

तेवढ्यात गद्रे मदतीला धावले. "बट वी हॅव नॉट गिव्हन!" ते कळवळून म्हणाले. "नॉट यट! आमचं निघणं मंगळवारी आहे!"

देवस्थळी इराकडे बघत राहिले. मग मराठीत, अगदी हळू, "हे कुणी विचारलं होतं तुला?"

"तुम्ही," इरा म्हणाली.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. चौकशी, जबाब, दंड. गद्र्यांना त्याच दुपारी हॉटेल शोधावं लागलं; जाताना त्यांनी सवयीने खिशात हात घातला आणि भाजल्यासारखा बाहेर काढला. देवस्थळींनी प्रकृतीचं कारण देऊन अध्यक्षपद सोडलं. मला वाटलं, आता तरी खाली मान घालतील. छे. आठवड्याभरात लिफ्टमध्ये एका शेजाऱ्याला सांगताना मी ऐकलं, "बघा, माझ्यासुद्धा घरी आले! मी तक्रारदार, तरी सोडलं नाही! हा देश आहे हा असा." शेजारी आठव्या मजल्यावर उतरला. त्याचं घर अकराव्यावर होतं.

लॉबीतला सोफा मात्र रिकामा राहू लागला. घरात ते इराशी बोलत, पण कामापुरतं. रागावले नव्हते. तिच्यासमोर आले की ते परीक्षेला उशिरा पोचलेल्या मुलासारखे दिसायचे. त्यांना सरळ मुलगी हवी होती. ती त्यांना मिळाली होती, आणि रोज सकाळी समोर बसून टोस्ट खात होती.

आणि मग माई आल्या. देवस्थळींची बहीण, सख्खी, थोरली. साताऱ्याच्या. भावाने आई गेल्यापासून दरवर्षी बोलावलेलं, आणि गुडघ्यांमुळे दरवर्षी राहून गेलेलं. देवस्थळी त्यांना विमानतळावरून घेऊन आले, तर मुत्तू अँकल काउंटरमागून उठले.

"सर, सॉरी. तुमच्या फ्लॅटचे पाहुणे ऑफिसला विचारल्याशिवाय सोडायचे नाहीत. नातं दाखवावं लागतं." हा नियम समितीने संशयित फ्लॅटांसाठी केला होता. मसुदा देवस्थळींचाच, रोझ आंटीसाठी केलेला.

"मुत्तू, शी इज माय सिस्टर."

"यस सर." मुत्तू अँकलच्या आवाजात टोमणा नव्हता, हीच पंचाईत होती. "सिस्टर ऑर कझिन, सर?"

पासपोर्ट काढले. माईंचं आडनाव सासरचं, वडिलांचं नाव म्हणून त्यांना घरात ज्या नावाने हाक मारायचे ते. देवस्थळींच्या कागदांवर वडिलांचं नाव वेगळं, पूर्ण. जुने फोटो पुण्याला. माई बॅगेवर बसून म्हणाल्या, "अरे, काय विचारतोय हा? सांग त्याला, मी तुला कडेवर घेऊन गावभर फिरलेय." ते देवस्थळींनी इंग्रजीत सांगितलं. लॉबीत ते फारच खोटं वाटलं. शेवटी मुत्तू अँकलनी चष्मा लावला, माईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग देवस्थळींच्या, आणि म्हणाले, "नोज सेम, सर. ओके. गो."

भावाचं नातं नाकावर निभावलं.

माईंचा मुक्काम संपला आणि माझा करारही, योगायोगाने एकाच रविवारी. मी सेम्बावांगला दोन मैत्रिणींबरोबर खिडकीवाल्या खोलीत राहायला जाणार होते. माझी बॅग घेऊन मी लॉबीत उतरले, तर तिघं माईंना पोचवायला उभी होती. टॅक्सी आलेली. मुत्तू अँकल काउंटरवर.

माईंनी कनवटीची छोटी पिशवी सोडली. तिच्यातून चौघडी केलेली एक नोट काढली, भारतातली. "इरा, ये गं. खाऊ घे."

इराने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको, आत्या."

"अगं, घे. काही फार नाहीये."

"नो, आत्या. कान्ट."

"म्हणजे काय? सगळी मुलं घेतात."

इराने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात पाठीमागेच राहिले. मी वैशालीकाकूंच्या 'नको, नको, कशाला'ची वाट बघत होते. ते आलं नाही. मुत्तू अँकल अचानक स्क्रीनमध्ये फार मन घालून काहीतरी वाचू लागले. आणि देवस्थळी? पाकिटाची वेळ आली म्हणून ते सवयीने केव्हाच पाठ फिरवून काचेबाहेरच्या कुंड्यांकडे बघत उभे होते.

माईंचा हात तसाच पुढे. "अरविंदा," त्या म्हणाल्या, "इकडे बघ जरा. सांग हिला, मी कोण ते."

मी तिथे थांबणं बरं नव्हतं. मी निघाले. बॅग मोठी होती, चार चाकांची, आणि फरशीवर तिचा आवाज सगळीकडे गेला. देवस्थळींनी मान वळवली नाही.